दिनांक नसलेले धर्मांतर

ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी वसलेल्या त्र्यंबकेश्वराचे दोन मुलूख आहेत. एक मुलूख क्षेत्राचा : ज्योतिर्लिंगाचा, कुशावर्ताचा, निवृत्तिनाथांच्या समाधीचा, पौष वद्य एकादशीला लोटणाऱ्या दिंड्यांचा आणि बारा वर्षांनी भरणाऱ्या सिंहस्थाचा, त्याची माहात्म्ये लिहिली गेली, सनदा निघाल्या, आणि नानासाहेब पेशव्यांच्या अमदानीत उभारावयास घेतलेल्या देवालयाच्या रूपाने त्याला काळ्या पाषाणाची साक्षही लाभली. दुसरा मुलूख वेस ओलांडून हरसूलच्या, पेठच्या किंवा मोखाड्याच्या वाटेला लागले की सुरू होतो. तो नागली-वरईच्या उतारांचा आणि महादेव कोळी, ठाकर, वारली, कोकणा, कातकरी यांच्या पाड्यांचा मुलूख. त्याचे माहात्म्य पोथीत चढले नाही, ते गाण्यात राहिले. तालुक्यातील बहुसंख्य प्रजा या दुसऱ्या मुलखाची असली, तरी त्र्यंबकेश्वर म्हटल्यावर डोळ्यांपुढे उभा राहतो तो पहिलाच.

या दुसऱ्या मुलखातील काही पाड्यांवर आता रविवारची ख्रिस्ती प्रार्थनाही होऊ लागली आहे, आणि त्यामुळे जगभर शतकानुशतके चाललेला एक वाद आपल्या वेशीपर्यंत येऊन ठेपला आहे : ख्रिस्ती धर्माने मूलनिवासी समाजांचे कल्याण केले, की त्यांचा मूलोच्छेद केला? या प्रश्नावर दोन कैफियती फार दिवसांपासून तयार आहेत. एक पक्ष म्हणतो, शाळा, दवाखाना आणि माणुसकीची वागणूक प्रथम पाद्र्याने दिली. दुसरा म्हणतो, त्याने दूध दाखवले आणि देव हिरावून घेतले. दोन्ही पक्षांजवळ पुरावा आहे आणि दोन्ही पक्षांना तो मुखोद्गत आहे. वैगुण्य एवढेच, की ज्याच्याविषयी हा कज्जा चालला आहे तो मनुष्य या कचेरीत पक्षकार म्हणून उभा नसतो. तो असतो दाव्यातील मिळकत, जिच्यावर वहिवाट कोणाची याची रुजुवात दोघे वकील करीत असतात. हा प्रश्न त्र्यंबकेश्वराच्या वेशीवर उभे राहून विचारला, तर त्याचे स्वरूप कसे पालटते, ते येथे पाहावयाचे आहे.

प्रथम फिर्यादीचा पक्ष, आणि तो पुऱ्या वजनानिशी मांडला पाहिजे. ख्रिस्ती युरोपाने जेव्हा समुद्र ओलांडले, तेव्हा धर्मसत्तेने राजसत्तेच्या हाती नुसता आशीर्वाद दिला नाही, अधिकारपत्र दिले. १४५५ साली पोप पाचवा निकोलस याने पोर्तुगालच्या राजाला आफ्रिकेतील अख्रिस्ती लोकांना जिंकून कायमचे दास करण्याची मुभा दिली. १४९३ साली सहावा अलेक्झांडर याने नव्याने सापडलेली भूमी स्पेनच्या राजघराण्याला देऊन टाकली, जणू त्या भूमीवर राहणारे लोक तिथल्या झाडाझुडपांइतकेच बेवारस होते. १५१३ पासून स्पॅनिश सेनानी युद्धापूर्वी एक जाहीरनामा वाचून दाखवीत, ज्यात पोपची आणि राजाची सत्ता मान्य करा, अन्यथा होणाऱ्या संहाराचा दोष तुमच्या माथी, असे बजावलेले असे. तो वाचला जाई स्पॅनिशमध्ये, त्या भाषेचे अक्षरही न समजणाऱ्या लोकांपुढे. आपल्या किनाऱ्यावर गोव्यात १५६० साली इन्क्विझिशनची स्थापना झाली आणि ते न्यायपीठ मधल्या अल्प खंडासह १८१२ पर्यंत चालले. कॅनडात एकोणिसाव्या शतकापासून सरकारच्या पैशाने आणि चर्चच्या व्यवस्थापनाखाली चाललेल्या निवासी शाळांत मूलनिवासी मुलांना आईबापांपासून तोडून, केस कापून, मातृभाषा बोलल्याबद्दल शिक्षा करून वाढवले गेले, आणि त्यांतील कित्येक मुले घरी परतलीच नाहीत. २०२२ च्या जुलैमध्ये पोप फ्रान्सिस यांनी कॅनडात जाऊन त्याबद्दल क्षमा मागितली, आणि पुढील वर्षी ३० मार्च रोजी व्हॅटिकनने पंधराव्या शतकातील त्या अधिकारपत्रांवर उभारलेला भूस्वामित्वाचा सिद्धांत आपला नाही असे जाहीर केले. पाचशे वर्षांनी का होईना, आरोपीनेच गुन्ह्याचा मोठा भाग कबूल केल्यावर त्याच्या वतीने सारवासारव करण्याचे कोणालाही प्रयोजन उरत नाही.

परंतु याच इतिहासाच्या आतून एक दुसरा आवाज उठत आला आहे, आणि तो वगळला तर फिर्यादही अप्रामाणिक होते. बार्तोलोमे दे लास कासास हा स्वतः जमीन आणि वेठीचे मूलनिवासी मजूर बाळगून असलेला पाद्री. १५१४ साली त्याने ते सोडले आणि उरलेले दीर्घायुष्य आपल्याच देशबांधवांचे अत्याचार लिहून काढण्यात घालवले. १५३७ साली पोप तिसरा पॉल याने आज्ञापत्र काढून सांगितले, की हे लोक पूर्ण अर्थाने मनुष्य आहेत आणि ख्रिस्ती नसले तरी त्यांचे स्वातंत्र्य व मालमत्ता हिरावता येत नाही. १५५०-५१ मध्ये वायादोलिद येथे लास कासास आणि सेपूल्वेदा या दोन पंडितांत, या लोकांशी युद्ध न्याय्य आहे काय यावर राजाज्ञेने वाद झाला. विजेत्यांनी आपल्या विजयाच्या ऐन मध्यान्ही त्याच्या न्याय्यतेविषयी असा विचार करावा, ही गोष्ट जगाच्या इतिहासात विरळा. तरीही लास कासासनेच आरंभी मूलनिवासींचा भार हलका व्हावा म्हणून आफ्रिकेतून गुलाम आणण्याची सूचना केली होती, आणि पुढे तिचा त्याला पश्चात्ताप झाला. करुणेलाही आपल्या पायांखाली कोण चिरडले जात आहे हे पाहावयाला वेळ लागतो.

या दुहेरी वारशाचे अत्यंत बोलके उदाहरण त्र्यंबकेश्वरापासून एका दिवसाच्या पायी वाटेवर आहे. नाशिक शहरातून जाणारा शरणपूर रोड आज सर्वांना ठाऊक आहे. ज्या शरणपुरावरून त्याचे नाव पडले ती चर्च मिशनरी सोसायटीने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास वसवलेली ख्रिस्ती वसाहत. हिंदी महासागरात गुलामांची वाहतूक करणारी गलबते इंग्रजी आरमाराने पकडली की त्यांतून सुटलेली आफ्रिकी मुले मुंबईस उतरवीत, आणि त्यांपैकी पुष्कळांना शरणपुरी आणून अक्षरओळख, सुतारकी, लोहारकी आणि बायबल शिकवीत. यांतील काही तरुण पुढे शोधप्रवासी डॉक्टर लिव्हिंग्स्टन याच्या अखेरच्या सफरीत सामील झाले. १८७३ साली मध्य आफ्रिकेच्या अरण्यात लिव्हिंग्स्टन मरण पावला, तेव्हा त्याच्या हृदयाच्या दफनसमयी प्रार्थना म्हणणारा आणि झाडाच्या खोडावर त्याचा मृत्युलेख कोरणारा जेकब वेनराइट हा नाशिकच्या याच शाळेत शिकलेला. पुढल्या वर्षी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटिका नेणाऱ्यांतही तो होता. १८७५ साली मोंबासाजवळ सुटलेल्या गुलामांसाठी फ्रीअर टाउन वसवले गेले, त्यातही नाशिकहून परतलेल्या या आफ्रिकी मंडळींचा मोठा वाटा होता.

आता या एका जेकबचा विचार करावा. तो याओ जमातीत जन्मला. त्याला पकडून विकले ते दुसऱ्या माणसांनी, सोडवले ते इंग्रजी आरमाराने, शिकवले ते मिशनने. ज्या हाताने बेडी तोडली त्याच हाताने बाप्तिस्म्याच्या वेळी त्याला इंग्रजी नाव दिले, आणि त्याच्या आईने हाक मारलेले नाव त्या प्रसिद्धीच्या तेजात दिसेनासे झाले. ही देणगी म्हणावी की अपहार? मला वाटते, दोन्ही म्हणावे, आणि एकाची दुसऱ्यातून वजाबाकी करण्याचा मोह आवरावा. जमाखर्चाच्या वहीत या दोन रकमा एका सदरात बसत नाहीत. स्वातंत्र्य मिळाले म्हणून नाव पुसल्याचे ऋण फिटत नाही, आणि नाव पुसले म्हणून स्वातंत्र्य खोटे ठरत नाही.

छोटानागपुरात हीच गुंतागुंत जमिनीच्या प्रश्नावर दिसते. १८४५ साली तेथे जर्मन गॉस्नर मिशन आले; मुंडा आणि उरांव कुळे चर्चकडे वळली त्यांत श्रद्धेइतकाच जमीनदाराविरुद्ध कोर्टात उभा राहणारा कोणी हवा हाही हेतू होता. हॉफमन या जेझुइट पाद्र्याने मुंडा भाषेचा अवाढव्य ज्ञानकोश उभा केला आणि आदिवासींच्या जमिनी परक्यांच्या हाती जाऊ नयेत यासाठी १९०८ चा छोटानागपूर कूळकायदा घडवण्यात साह्य केले. परंतु हा कायदा ज्या उठावाच्या धगीने सरकारला करावा लागला, तो उठाव बिरसा मुंडाचा. आणि बिरसा हा मिशनच्या शाळेत शिकून, बाप्तिस्मा घेऊन, मग मिशन सोडून स्वतःचा धर्म सांगणारा तरुण होता. १९०० च्या जूनमध्ये रांचीच्या तुरुंगात तो वारला. चर्चच्या शाळेने बिरसाला अक्षर दिले, आणि त्या अक्षराने तो चर्चला ‘नाही’ म्हणावयास शिकला. मूलनिवासी मनुष्य मिळकत नसून पक्षकार आहे, याचा याहून स्पष्ट पुरावा मागण्याचे कारण नाही.

येथवर बोट ख्रिस्ती धर्माकडे होते. आता ते ब्रह्मगिरीकडे वळवले पाहिजे, कारण आपण जेथे उभे आहोत ती भूमी साक्षीदार म्हणून तटस्थ नाही.

क्षेत्राच्या भोवतालच्या डोंगरांत जो देवधर्म चालत आला, त्याचे अधिष्ठान पोथीत नाही. वेशीवर किंवा रानाच्या तोंडाशी वाघोबा असतो : लाकडाच्या फळीवर किंवा पाषाणात कोरलेला वाघ, वर चंद्र-सूर्य, बाजूस नाग, आणि पिढ्यान्पिढ्यांच्या शेंदराचा थर. आश्विन वद्य द्वादशीला, म्हणजे वाघबारशीला, गुराखी त्याच्यापुढे जमतात, घरोघरून आणलेला शिधा तिथेच शिजतो, आणि वर्षभर गुरांवर नजर टाकू नको असे त्या जबर शेजाऱ्याला विनवले जाते. कणसरी ही धान्याची देवता. तिची कथा सांगणारा कथेकरी काशाच्या थाळीत मेणाने एक काडी उभी चिकटवतो आणि ओल्या बोटांनी ती वरून खाली निथळावी तशी ओढीत राहतो, तिच्यातून निघणाऱ्या अखंड घुमाऱ्यावर कणसरी रुसली कशी, गेली कोठे आणि परतली कशी, हे रात्र सरेपर्यंत गाइले जाते. वारल्यांच्या लग्नात पौरोहित्य करते ती धवलेरी, एक स्त्री. कोकण्यांचा डोंगरदेव मार्गशीर्षात डोंगराच्या गुहेपाशी पुजला जातो. यांतील कोणत्याही विधीला क्षेत्रोपाध्यायाची गरज पडत नाही. आणि तरीही, याच लोकांपैकी एका मोठ्या जमातीचे नाव महादेवाच्या नावाने पडले, तिची माणसे शिवरात्रीला त्र्यंबकी येतात, आणि शिरगणतीच्या तक्त्यात त्यांची गणना हिंदू म्हणून होते. हे केव्हा घडले? कोणत्या साली, कोणत्या तिथीस, कोणी कोणाला विचारून?

या प्रश्नाला उत्तर नाही, कारण हे धर्मांतर दिनांक नसलेले आहे. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी पुण्याच्या आसपासच्या म्हसोबा-भैरवांच्या ठाण्यांवर हिंडून, आणि रा. चिं. ढेरे यांनी विठ्ठल-खंडोबाच्या मुळांचा शोध घेऊन, रानातले आणि गवळ्या-धनगरांचे देव हळूहळू पुराणांच्या परिवारात कसे सामावले गेले हे आपल्याला दाखवले आहे. या सामावून घेण्यात एक मोठेपणा आहे, तो नाकारू नये. वाघोबा फोडला गेला नाही, कणसरीचे गाणे बंद पाडले गेले नाही, कोणाला ‘तुझा बाप नरकात गेला’ असे सांगितले गेले नाही. परंतु सामावून घेताना जागाही नेमून दिली गेली, आणि ती जागा ओसरीवरची होती. देव आत आला तो क्षेत्रपाळ किंवा गण म्हणून. माणूस आत आला तो उतरंडीच्या तळाशी. ज्या गाभाऱ्याभोवती सोवळ्या-ओवळ्याच्या रेघा होत्या, त्या रेघा आखताना त्याला कोणी पक्षकार केले नव्हते.

या समावेशनाला आर्थिक अंगही होते, आणि ते सौम्य नव्हते. अकोले तालुक्याच्या डोंगरातील महादेव कोळ्यांचा पुढारी राघोजी भांगरे याने एकोणिसाव्या शतकाच्या पाचव्या दशकात बंड केले, त्याचा रोख जसा इंग्रजांवर तसाच गहाणखतांनी जमिनी गिळणाऱ्या सावकारांवर होता; १८४८ साली ठाण्यास त्याला फाशी झाली. ते सावकार कोणा परदेशी मिशनचे नव्हते. १८५७ च्या डिसेंबरात भिल्ल आणि ठाकर यांनी त्र्यंबकेश्वरावर चाल केली, पेठच्या मुलखातही दंगा उसळला, आणि पेठच्या गादीचा दावेदार भगवंतराव याला फासावर चढवण्यात आले. त्या धामधुमीत फाशी गेलेल्यांत वासुदेव भगवंत जोगळेकर नावाचे एक ब्राह्मण गृहस्थ होते. त्यांच्या मुलीची मुलगी म्हणजे त्र्यंबकेश्वराजवळच्या जलालपुरात १८६८ साली जन्मलेल्या लक्ष्मीबाई टिळक, ज्यांच्या ‘स्मृतिचित्रां’त आजोबांच्या या फाशीची हकीकत आहे, आणि ज्यांचे पती नारायण वामन टिळक यांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. त्र्यंबकेश्वराच्या एका घराण्याच्या तीन पिढ्यांत आदिवासी मुलखातले बंड, लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या सोवळ्याचा अतिरेक आणि ख्रिस्ताचा स्वीकार अशा तिन्ही गोष्टी येऊन गेल्या. हा प्रश्न आपल्याकडे बाहेरून आलेला आहे असे मानणाऱ्याने एवढी एक वंशावळ तरी पाहावी.

टिळकांचे धर्मांतर हे दिनांक असलेल्या धर्मांतराचे उदाहरण म्हणून फार मोलाचे आहे. त्या दिवशी त्यांनी स्वतः निर्णय घेतला, त्याची किंमत मोजली, पत्नीचा विरह सोसला; लक्ष्मीबाईंनी पुढे १९०० साली स्वतःच्या विचाराने, स्वतःच्या वेळी बाप्तिस्मा घेतला. टिळक ख्रिस्ती झाले म्हणून कीर्तन, अभंग, ओवी ही त्यांच्याकडून सुटली नाहीत. उलट ख्रिस्तभक्तीला त्यांनी वारकऱ्याची वाणी दिली, आणि आयुष्याच्या शेवटी ‘देवाचा दरबार’ उभारून मिशनच्या चौकटीपलीकडेही पाऊल टाकले. तथापि येथे एक फरक डोळ्याआड करता येत नाही. टिळकांच्या मागे ज्ञानेश्वर-तुकारामांची, छापखान्यांची आणि वाचकवर्गाची पुण्याई होती; म्हणून धर्म बदलला तरी त्यांचे गाणे टिकले. थाळीच्या घुमाऱ्यावर कथा सांगणाऱ्या माणसाजवळ अशी कोणती तटबंदी असते? त्याने प्रार्थनासभेत जाऊन ‘भुताखेतांची गाणी’ सोडली, तर ते गाणे त्याच्याबरोबर आणि त्याच्या वृद्ध बापाबरोबर संपते. हा ख्रिस्ती प्रचारकांवरचा आक्षेप खरा आहे. पण तेच गाणे आश्रमशाळेत ‘मागासलेले’ म्हणून हिणवले गेल्यानेही संपते, आणि कथेकऱ्याचा मुलगा वीटभट्टीवर स्थलांतरित झाल्यानेही संपते. तेव्हा आक्षेप घेणाऱ्याने हे दोन्ही मारेकरीही आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले पाहिजेत.

हा वाद अत्यंत उच्च पातळीवर मराठी माणसांच्या साक्षीने एकदा होऊन गेला आहे. व्हेरिअर एल्विन हा इंग्रज तरुण १९२७ साली पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात आला. १९३२ मध्ये शामराव हिवाळे या मराठी ख्रिस्ती मित्रासह तो मध्य प्रांतातील गोंडांत जाऊन राहिला. धर्मप्रसार करावयाचा नाही असा त्याचा निश्चय होत गेला, बिशपांशी बेबनाव झाला, आणि काही वर्षांत त्याने चर्चही सोडले. बैगा लोकांसाठी स्वतंत्र राखीव मुलूख असावा, तेथे मिशनरी आणि हिंदू समाजसुधारक दोघांनाही मज्जाव असावा, असे त्याने १९३९ साली मांडले. त्याला उत्तर दिले ते मालवणात जन्मलेले, मुंबई विद्यापीठातील समाजशास्त्राचे प्राध्यापक गोविंद सदाशिव घुर्ये यांनी, १९४३ च्या ग्रंथात : शिरगणतीत कधी ‘ॲनिमिस्ट’ तर कधी ‘जमातींचा धर्म’ असा रकाना काढून ज्यांना वेगळे ठरवले, ते वस्तुतः मागासलेले हिंदूच आहेत, आणि त्यांचा तरणोपाय हिंदू समाजात पूर्ण मिसळण्यातच आहे. एल्विनला मिसळण्यात मरण दिसत होते, घुर्यांना वेगळेपणात फसवणूक दिसत होती. आणि दोघांचेही पुष्कळसे खरे होते. तरी गोंड काय म्हणतात हे सांगण्याचा अधिकार दोघांनीही आपल्याकडे ठेवला होता. १९४६ च्या डिसेंबरात घटना समितीत जयपाल सिंग मुंडा उभे राहिले आणि आपण ‘जंगली’ असल्याचा अभिमान त्यांनी बोलून दाखवला, तेव्हा या वादात प्रथमच मिळकतीने मालकाच्या आवाजात बोलावयास आरंभ केला. जयपाल सिंग ख्रिस्ती होते, ऑक्सफर्डला शिकलेले होते, आणि त्यांनी मागितले ते चर्चचे राज्य नव्हते. आदिवासींची जमीन आणि मान त्यांनी मागितला.

स्वातंत्र्यानंतर तर हा कज्जा आपल्याच प्रांतात दप्तरी दाखल झाला. अमरावतीचे बाळासाहेब देशपांडे यांनी १९५२ साली जशपूरला वनवासी कल्याण आश्रम काढला. १९५४ साली मध्य प्रदेश सरकारने, ज्यात त्या वेळी विदर्भ होता, नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी यांची समिती नेमली, आणि १९५६ च्या तिच्या अहवालाने मिशनांच्या कार्यपद्धतीवर कडक ताशेरे ओढले. ओडिशाने १९६७ साली आणि मध्य प्रदेशाने १९६८ साली धर्मांतरविषयक कायदे केले. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवताना म्हटले, की धर्माचा प्रसार करण्याच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर घडवण्याचा हक्क येत नाही. या साऱ्या चर्चेचा कणा एकच कल्पना आहे : भुकेल्याला भाकरी दाखवून घेतलेली संमती ही संमती नव्हे. कल्पना थोर आहे, पण ती दुधारी आहे. गरजेने निर्णय दूषित होतो असे एकदा मानले, की गरिबाला निर्णयच करता येत नाही असे मानावे लागते. आणि मग सिंहस्थातल्या अन्नछत्रात जेवून हर हर महादेव म्हणणाऱ्या आदिवासीचाही निर्णय तितकाच दूषित ठरतो. गरज आपल्या बाजूस असली की तिला सेवा म्हणावयाचे आणि दुसऱ्याच्या बाजूस असली की आमिष, हा न्याय कोणत्याही मीमांसेत बसत नाही.

तेव्हा तात्त्विक प्रश्न असा उरतो : दिनांक असलेले धर्मांतर अधिक सदोष, की दिनांक नसलेले? पहिल्यात हिंसेचा संभव मोठा, कारण ते जुन्याचा त्याग मागते. ‘मीच एक मार्ग’ असे म्हणणारा धर्म जेव्हा तलवारीच्या किंवा खजिन्याच्या सान्निध्यात येतो, तेव्हा त्यातून गोव्याचे न्यायपीठ आणि कॅनडाच्या शाळा उत्पन्न होतात. परंतु त्याचा एक गुण आहे, जो त्याच्या दोषातूनच निघतो : तेथे प्रश्न विचारला जातो, उत्तर नोंदले जाते, आणि म्हणून पुढे केव्हातरी त्याचा जबाब मागता येतो. पोपला क्षमा मागावी लागली, कारण नोंदवह्या होत्या, तारखा होत्या, शाळांच्या पटावर मुलांची नावे होती. दुसऱ्या प्रकारात त्याग मागितला जात नाही, हा त्याचा मोठा गुण. पण संमतीही मागितली जात नाही, आणि म्हणून अन्याय झाला तर त्याची फिर्याद कोणत्या कचेरीत, कोणत्या तारखेच्या घटनेवरून, कोणाविरुद्ध दाखल करावयाची हे कोणालाच ठाऊक नसते. ज्याला दिनांक नाही त्याला प्रायश्चित्तही नाही. आमच्यात धर्मांतर नाहीच, असे आपण जेव्हा सात्त्विक समाधानाने म्हणतो, तेव्हा बहुधा आपण आपली नोंदवही नसल्याचा लाभ घेत असतो.

दोन्ही मार्गांना लावता येईल असा मापदंड मला एकच सुचतो, आणि तो येणाऱ्याच्या बाजूने आहे. येणाऱ्याला ‘नको’ म्हणता येत होते काय? आल्यावर परत जाता येते काय? येताना आपली भाषा, गाणे आणि मेलेल्यांची आठवण बरोबर आणता येते काय? आणि या सर्वात त्याची जमीन कोणाच्या नावे झाली? शरणपुराला या प्रश्नांची अर्धी उत्तरे देता येतील, हॉफमनला बरीच, कॅनडाच्या शाळांना एकही नाही. बस्तरमधील एका ख्रिस्ती कुटुंबाला आपल्या मृताला गावच्या मातीत पुरता यावे म्हणून सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. २०२५ च्या जानेवारीत दोन न्यायमूर्तींचे मत भिन्न पडले आणि दफन अखेर दूरच्या ख्रिस्ती दफनभूमीत करण्याचा आदेश झाला. तेथे दुसऱ्या व तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आपल्या बाजूने काय आले, हे आपणच वाचून घ्यावे.

राज्यघटनेने या बाबतीत जी दृष्टी ठेवली ती वाद करणाऱ्या बहुतेकांपेक्षा अधिक स्वच्छ आहे. १९५० च्या आदेशांत अनुसूचित जातींना धर्माची अट घातली गेली, अनुसूचित जमातींना घातली गेली नाही. म्हणजे महादेव कोळी त्र्यंबकराजाला अभिषेक करो, वाघोबाला शेंदूर लावो किंवा येशूची प्रार्थना करो, तो महादेव कोळीच राहतो. त्याचे असणे त्याच्या पूजेवर टांगलेले नाही. धर्म बदललेल्यांना यादीतून वगळावे ही मागणी आदिवासी नेते कार्तिक उरांव यांच्या काळापासून होत आली आहे, आणि आपला स्वतंत्र धर्म शिरगणतीत नोंदवावा ही झारखंडची मागणीही विधानसभेच्या २०२० च्या ठरावाने पुढे आली आहे. या दोन्ही मागण्यांचा निर्णय ज्यांच्याविषयी आहे त्यांच्या ग्रामसभांतून आला पाहिजे. क्षेत्राच्या धर्मशाळेतून नव्हे आणि मिशनच्या कचेरीतूनही नव्हे.

ख्रिस्ती धर्माचा मूलनिवासींशी आलेला संबंध हा म्हणून आपल्या दृष्टीने परक्याच्या अपराधांची यादी होऊ शकत नाही. त्या अपराधांची चौकशी अवश्य व्हावी, कठोरपणे व्हावी. पण त्र्यंबकेश्वराहून ती करावयास निघणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे, की या दाव्यात न्यायासन त्याच्यासाठी राखलेले नाही. तो दुसरा प्रतिवादी आहे, आणि पहिल्याने निदान अंशतः कबुलीजबाब दिलेला असताना त्याचा स्वतःचा जबाब अद्याप दाखल व्हावयाचा आहे.